मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट

कॅनडातले शेतकरी ट्रॅक्टरला बर्फ उडवणारे यंत्र जोडून वाट मोकळी करतात. ट्रॅक्टरचा जोडदांडा बहुधा मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याच्या जोरावर बर्फ ओढणारे मळसूत्री पाते फिरते. अनेक यंत्रांत हे पाते नळीवर असते आणि नळी आतल्या दांड्याला बोल्टने जोडलेली असते. हा बोल्ट मुद्दाम मऊ पोलादाचा असतो बरे का! पात्यात दगड अडकला की बोल्ट कातरला जातो, दांडा मोकळा फिरतो आणि महागडी गिअरपेटी वाचते. घरातल्या फ्यूजसारखेच हे.

जुने यंत्र दुरुस्त करताना इंजिन बंद करून, जोडदांडा सोडवून, बोल्ट काढा आणि नळी हाताने फिरवून पाहा. ती गंजून दांड्याला चिकटली असेल, तर बोल्ट असून नसल्यासारखा! ती सोडवून ग्रीस भरा. पूर्वीच्या मालकाने ‘सारखा तुटतो’ म्हणून कठीण बोल्ट ठोकला असेल, तर तोही बदला.