दुभंगलेला ओठ आणि ग्रहण

दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले की पहिला जाब सुनेला विचारला जातो, “ग्रहणात विळी हातात घेतली होतीस ना?” माझ्या दवाखान्यात हे मी पुष्कळदा ऐकले आहे.

गर्भाचा चेहरा उंचवटे जुळून घडतो. चौथ्या आठवड्यात कपाळाकडून एक आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन असे पाच उंचवटे दिसू लागतात. ते मध्याकडे सरकतात व एकमेकांत मिसळतात. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधतो, टाळू बाराव्यापर्यंत. सांधा अपुरा राहिला की फट राहते. मग पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने ओठ फाटेल कसा? तो तर केव्हाच जुळलेला असतो! आनुवंशिकता, धूम्रपान, फिटची काही औषधे यांचा संबंध आढळतो (ही औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत). पुष्कळदा नेमके कारण सापडतच नाही.

टाळूला फट असलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही. त्याला उभे धरून आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावे. ओठाची शस्त्रक्रिया साधारण ३ ते ६ महिन्यांचे असताना, टाळूची दीड वर्षाच्या आत करतात. उशीर झाल्यास मूल गेंगाणे बोलते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.