इशिहारा चाचणीत नापास. पायलट होता येईल?

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. त्याला रंगीत ठिपक्यांमधले काही आकडे दिसत नाहीत. पायलट होण्याचे स्वप्न सोडायचे का?

उत्तर : लगेच नको. आधी ती तपासणी कुठल्या उजेडात झाली ते विचारा. इशिहाराच्या पाट्या दिवसाच्या किंवा तशाच प्रमाणित प्रकाशात दाखवायच्या असतात. पिवळ्या बल्बखाली, मोबाइलवर पाहिलेला निकाल मी तरी धरत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार पाट्यांत अडखळलेल्यालाही आणखी एक संधी मिळू शकते. विमान वाहतुकीतले रंगीत दिवे त्याने अचूक ओळखले पाहिजेत. त्यासाठी लँटर्नसारखी चाचणी घेतात. तीही हुकली, तर व्यावसायिक पायलटला लागणारे क्लास १ वैद्यकीय प्रमाणपत्र मिळत नाही. क्लास २ मिळालेच तर फक्त दिवसाच्या उड्डाणापुरते.

रंगदृष्टीचा दोष जन्मजात असेल तर औषधाने जात नाही. रंगीत लेन्स विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

भारतात आधी क्लास २, मग क्लास १ तपासणी होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) यादीतल्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घ्या आणि मगच फ्लाइंग स्कूलची फी भरा.