वाहत्या कानाची सवय लावून घेऊ नको

सूनबाई, आपल्या रत्नागिरीत पाऊस लागला की घरोघरी पोरांची नाकं गळायला लागतात आणि नाकामागोमाग कान येतात. माझी सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. कान धरून रात्रभर रडणारी पोरं पुष्कळ पाहिली, पण त्यांची मला फारशी भीती कधी वाटली नाही. रडणाऱ्या पोराला आईबाप सकाळी उचलून आणतातच. भीती वाटायची ती ज्याचा कान वर्षानुवर्षं वाहतो आणि दुखत मात्र नाही, त्याची. त्याला कुणी आणत नाही.

आधी ठणक्याचं सांगते. कानाच्या पडद्यामागे एक लहानशी पोकळी असते आणि तिथून एक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. मोठ्या माणसाची नळी तिरकी उतरते, लहान मुलाची आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीनं ती सुजली की पोकळीत हवा जात नाही, पाणी साचतं, नाकातले जंतू वर चढतात आणि पू होतो. म्हणजे हा आजार नाकातून येतो. पावसाचं पाणी कानात गेलं म्हणून आत पू होत नाही, वारं लागूनही होत नाही. कानटोपी घाल हवी तर, पोर गोड दिसतं. पण तिच्या भरवशावर राहू नको. नाक मोकळं ठेवणं जास्त कामाचं. मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते निजण्याआधी घालावेत.

बोलता न येणारं पोर दूध ओढता ओढता मध्येच तोंड सोडून किंचाळतं, आडवं केलं की जास्त रडतं, अंगात ताप असतो. नुसता कान ओढतंय एवढ्यावरून काही ठरवू नको, दात येतानाही पोरं कान ओढतात.

आता तेलाचं. खोबरेलात लसूण कडकडवून कानात सोडायची आपल्याकडे जुनी रीत. तुझ्या आजेसासूबाई त्यात ओवाही टाकायच्या. कुणी रुईच्या पानाचा रस पिळतं, कुणी आईचं दूध. माझ्या नातवंडांच्या कानात यातलं काहीही जाऊ द्यायचं नाही. पडद्याला भोक पडलं असेल तर ते सगळं थेट आत जातं, आणि बाहेरून भोक आहे की नाही हे तुला दिसत नाही, मलाही दिसत नाही. डॉक्टर दिवा लावून बघतात तेव्हाच कळतं. शिवाय तेल किती गरम आहे हे आपण बोटावर बघतो, पडद्याची कातडी बोटापेक्षा कितीतरी नाजूक. केसातली पिन, काडी, किल्ली ही हत्यारंही कानापासून लांब.

रात्री ठणका लागला तर पॅरासिटामॉलचं औषध दे, ते पोराच्या वजनावर मोजून. बाटलीच्या झाकणावर किंवा शेजारणीच्या सांगण्यावर नव्हे. डॉक्टरांकडून मात्रा आधीच लिहून घेऊन कपाटाच्या दारावर चिकटवून ठेव. पोराला खांद्यावर उभं धर, ठणका थोडा कमी होतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, ताप चढता असेल, दोन्ही कान धरले असतील किंवा कानातून पू आला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. पोर दोन वर्षांच्या पुढचं असेल आणि त्रास बेताचा असेल, तर डॉक्टर दोन-तीन दिवस थांबून बघू म्हणतील. तेव्हा ‘अँटिबायोटिक लिहूनच द्या’ म्हणून त्यांच्या मागे लागू नको. बरेच कान आपोआप बरे होतात. दिलं, तर मात्र ताप उतरला म्हणून मध्येच सोडायचं नाही. आणि मागच्या वर्षीची उघडलेली थेंबांची बाटली वापरायची नाही. कानाच्या काही थेंबांत जेंटामायसिनसारखं औषध असतं. पडद्याला भोक असताना ते आत गेलं तर आतल्या कानाला इजा होऊन ऐकू कमी येऊ शकतं.

कधी कधी रात्रभर ठणकून पहाटे कान फुटतो. उशीवर पू, त्यात रक्ताचा धागा, आणि पोर शांत झोपलेलं. दाब सुटल्यामुळे दुखणं थांबतं. घरातले म्हणतात, बरं झालं, फुटला. एका परीनं खरंही आहे, असं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतं. पण तोवर कान कोरडा ठेवणं हे सगळ्यात मोठं औषध, आणि ते आईच्या हातात असतं.

कोरडा कसा करायचा ते नीट ऐक. हात धू. स्वच्छ सुती कापडाची किंवा औषधाच्या दुकानातल्या पाणी शोषणाऱ्या कापसाची मऊ वात वळ. देवापुढच्या समईच्या वातींचा कापूस नको, तो पाणी नीट शोषत नाही. पोराचं डोकं दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांग. वात कानाच्या तोंडाशी हलकेच सरकव, ओली झाली की काढून टाक, दुसरी घे. वात कोरडी निघेपर्यंत असं करायचं, दिवसातून तीन-चार वेळा. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर ते पुसून झाल्यावरच घालायचे. पुवावर घातलेलं औषध वाया जातं. आणि वात आत ठेवून कानाला बूच मारायचं नाही, पू बाहेर यायलाच हवा. अंघोळीपुरता मात्र व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेव, नंतर काढून टाक. मे महिन्यात मुंबईची पोरं आली की आपली पोरंही त्यांच्याबरोबर विहिरीत उड्या मारतात. फुटलेल्या कानानं विहीर नाही, वहाळ नाही, भाट्याचा समुद्रही नाही. रडू दे.

दोन आठवडे झाले तरी कान वाहतोच आहे, तर तो जुनाट झाला असं समज. इथेच आपल्या लोकांचं चुकतं. ‘त्याचा कान पावसाळ्यात वाहतो, दिवाळीला थांबतो,’ असं आई सांगते तेव्हा तिच्या आवाजात काळजी नसते, जणू पोराच्या अंगावरची जन्मखूणच सांगतेय. त्यातला एक प्रकार पातळ, तारेसारख्या पुवाचा. सर्दी झाली की वाहतो, मग थांबतो. यात ऐकू कमी येत जातं आणि पोर वर्गात मागे पडतं. दुसरा प्रकार फसवा. पू अगदी थोडा, पण घाण वास मारणारा. दुखत नाही. या कानात पडद्याच्या कडेनं कातडी आत वाढत जाते, डॉक्टर त्याला कोलेस्टीॲटोमा म्हणतात, आणि ती आजूबाजूचं हाड खाते. ऐकण्याची तीन बारीक हाडं जातात. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, ती सापडली की तोंड वाकडं होतं. आतल्या कानापर्यंत गेलं की गरगरतं. वरचं पातळ हाड झिजलं की मेंदूला सूज, नाहीतर मेंदूत गळू.

साहेब लोकांतही हेच होत होतं. ऑस्कर वाइल्ड हा नावाजलेला लेखक 1900 साली पॅरिसमध्ये मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेला, आणि ती सूज जुन्या कानातून गेली असं मानतात. त्याचे वडील सर विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे मोठे कानाचे डॉक्टर. कानामागच्या गळवाला द्यायची चीर त्यांच्या नावानं ओळखली जाते. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आपल्याकडे आहेत, तरी कान वाहता ठेवतो.

यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नको: कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसणं, तोंड वाकडं होणं, तोल जाणं, ताप आणि डोकेदुखीबरोबर उलट्या, मान ताठ होणं, झोप न उतरल्यासारखी गुंगी. रात्रीची रिक्षा कर, जिल्हा शासकीय रुग्णालयात जा. पूर्वी मोठ्या कामाला मिरज नाहीतर मुंबई गाठावी लागे. 2023 पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. ऑपरेशन सांगितलं तर खर्चानं घाबरून घरी येऊ नको. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार.

ठणका गेल्यावरही पडद्यामागे पाणी काही आठवडे राहतं. पोर टीव्हीचा आवाज वाढवतं, हाकेला ‘ओ’ देत नाही. लगेच हट्टी म्हणून पाठीत धपाटा घालू नको. बहुतेकदा तीन महिन्यांत ओसरतं. नाही ओसरलं तर ऐकण्याची तपासणी करून घे.

हे सगळं टाळायचं कसं? फार मोठी युक्ती नाही. बाळाला अंगावर पाज. बाटली द्यायचीच झाली तर पूर्ण आडवं निजवून देऊ नको. चुलीचा धूर आणि तुझ्या सासऱ्यांची विडी पोराच्या खोलीत नको. विडीचं मी बघते. न्यूमोकोकलची लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. तिन्ही डोस झाले का, कार्ड काढून बघ.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांच्या यादीत कान आहे. पण त्या दिवशी कान कोरडा असला तर पोर काही बोलत नाही आणि डॉक्टर पुढच्याकडे वळतात. म्हणून तू स्वतः जाऊन उभी राहा, ‘याचा कान वाहतो’ हे तोंडानं सांग. आणि खालच्या वाडीतलं ते पोर, ज्याच्या कानात कायम कापसाचा बोळा असतो, त्याच्या आईलाही बरोबर ने.