हेमॅटोक्सिलिन: तयार बाटली घ्यावी की लॅबमध्येच बनवावं?

हथखोज-भिलाई भागात छोटी पॅथॉलॉजी लॅब चालवत असाल, तर हा हिशेब तुमच्यासाठी आहे. विक्रेता बाटलीची किंमत सांगतो. तुम्ही मात्र लिटरमागचा खर्च काढा.

पावडर ५ ग्रॅमची घेतलीत तर हॅरिसच्या पद्धतीने १ लिटर रंग होतो, कारण त्याला लिटरला ५ ग्रॅम लागतात. मेयरला १ ग्रॅम पुरतो, म्हणून तेवढ्याच पावडरीत ५ लिटर. सर्वात महाग घटक पावडरच असल्याने निम्मा निर्णय इथेच होतो. लेबलवर सी. आय. ७५२९० हा क्रमांक आहे का ते पाहा. बिलासोबत बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र आणि सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. पुढे तपासणीच्या वेळी हीच कागदं शोधावी लागतात. भाव विचारताना जीएसटी, पॅकिंग आणि वाहतूक धरून आकडा लेखी घ्या. माल रायपूरहून किंवा नागपूरहून येणार असेल तर काचेची बाटली फुटल्यास भरपाई कोणाची, हेही आधीच ठरवा.

मेयरचं १ लिटर असं: हेमॅटोक्सिलिन १ ग्रॅम, पोटॅश तुरटी ५० ग्रॅम, सोडियम आयोडेट ०.२ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १ लिटर. कोमट करून ढवळत विरघळवा, किंवा रात्रभर ठेवा. मग सायट्रिक ऍसिड १ ग्रॅम आणि क्लोरल हायड्रेट ५० ग्रॅम घाला, ५ मिनिटं उकळा, गार करून गाळा. लगेच वापरता येतो. यात अल्कोहोल लागतच नाही, हा मोठा फायदा: शुद्ध इथेनॉलसाठी अबकारी परवान्याचे हेलपाटे रंगापुरते तरी वाचतात. पुढे सेक्शन निर्जल करायला बऱ्याच लॅब आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात.

आता त्या ०.२ ग्रॅमकडे लक्ष द्या. आयोडेटचं काम हेमॅटोक्सिलिनचं हेमाटीन करणं. केंद्रक रंगवतं ते हेमाटीन, तुरटीतल्या ऍल्युमिनियमच्या मदतीने. आयोडेट जास्त पडलं तर रंग लवकर खराब होतो. तुमच्या तराजूला मिलिग्रॅम दिसत नसेल तर अंदाजाने टाकू नका, तयार बाटली घ्या. नवा तराजू घेणार असाल तर त्याची किंमत आणि दरवर्षीचं कॅलिब्रेशनही हिशेबात धरा.

दोन काटकसरी टाळाच. किराणा दुकानातली फिटकरी स्वस्त असते, पण तिच्या शुद्धतेची हमी नाही. लॅब ग्रेडची घ्या. औद्योगिक वसाहतीत बॅटरीचं पाणी सहज मिळतं, तेही नको. त्यात लोह किंवा क्षार असतील तर पूर्ण लिटर बिघडू शकतो.

हॅरिसच्या जुन्या कृतीत लिटरला अडीच ग्रॅम मर्क्युरिक ऑक्साइड असतो. कोणी ‘रंग गडद येतो’ म्हणून सुचवलं तरी घेऊ नका. पारा असलेला टाकाऊ रंग हा वेगळा, महागडा प्रश्न आहे. हॅरिसच हवा असेल तर मर्क्युरिक ऑक्साइडऐवजी १ ग्रॅम सोडियम आयोडेट चालतं. उकळत्या द्रावणात ते थोडं थोडं घाला, फेस वर येतो. एका लिटरला दोन लिटरचं भांडं हवं.

वापरताना ३ ते ५ मायक्रॉनचा सेक्शन मेणमुक्त करून पाण्यापर्यंत आणा. मेयरला १० मिनिटांपासून, हॅरिसला ५ मिनिटांपासून सुरुवात करा आणि आधी नमुना स्लाइडवर वेळ बसवा. हॅरिसनंतर १ टक्का ऍसिड अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवावं लागतं. मेयर योग्य वेळी थांबवलात तर ही पायरी वाचते. मग नळाच्या पाण्यात ५ मिनिटं, केंद्रकं निळी होईपर्यंत. पाणी आम्लधर्मी आहे का ते पीएच पट्टीने तपासा. असेल तर लिटरभर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम घालून वापरा. त्यानंतर इओसिन.

संपलेला रंग मोरीत ओतू नका. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे रासायनिक द्रव वेगळा साठवून प्रक्रिया करावी लागते. छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाचं प्राधिकारपत्र आणि कचरा उचलणाऱ्या केंद्राशी केलेला करार फाइलमध्ये ठेवा. उचलण्याचा दर वजनावर आहे की महिन्यावर, ते करारातच लिहून घ्या.

माझं मत सांगते: स्लाइड मोजक्याच असतील तर लहान तयार बाटली, रोजचं काम असेल तर लॅबमध्ये बनवलेला मेयर. एक स्लाइड वाया गेली तर सेक्शन पुन्हा कापता येतो, पण सुईने घेतलेल्या बारीकशा बायोप्सीत दुसऱ्यांदा कापायला ऊती उरेलच असं नाही, आणि तेव्हा रुग्णाला परत टेबलावर जावं लागतं. म्हणून रोज सकाळी रंग गाळा आणि त्याचे दोन-तीन थेंब नळाच्या पाण्यात टाका. निळा-जांभळा झाला तर काम सुरू करा. लालसर किंवा तपकिरीच राहिला तर तो रंग बाजूला काढा. बाटलीवर बनवल्याची आणि उघडल्याची तारीख, तसंच त्यात किती स्लाइड रंगवल्या ते लिहीत जा. दोन-तीन बाटल्यांनंतर तुमचा दर स्लाइडमागचा खर्च तुमच्याच वहीत मिळेल.