कळ येते, थांबते, पुन्हा येते

आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकतो, याला आम्ही इंटससेप्शन म्हणतो. शर्ट काढताना बाहीचा एक थर दुसऱ्यात जावा, तसं. हा आजार प्रामुख्याने बाळांचा, पाच ते नऊ महिन्यांत सर्वाधिक. त्यामुळे आठ-दहा वर्षांचं मूल पोट धरून आलं की तो चटकन मनात येत नाही. मी लहान मुलांची सर्जन आहे. अशा मोठ्या मुलांनी मला जे शिकवलं ते सांगते.

१. दुखतं कुठे, याआधी दुखतं कसं ते विचारावं. कळ येते, मूल पाय पोटाशी घेतं, घामाघूम होतं; थोड्या वेळाने कळ थांबते आणि ते चक्क खेळायला लागतं. आई म्हणते, "मॅडम, आत्ता तर तळमळत होता हो!" मधल्या वेळात पोट तपासलं तर मऊ लागतं. म्हणून मी मुलाला बसवून ठेवते आणि कळ आली की हात ठेवते. कधी उजवीकडे लांबट गोळा लागतो. मोठ्या मुलांत हे दुखणं काही दिवस, क्वचित काही आठवडेही रेंगाळतं. तोवर जंताचं औषध होतं, गॅसचं होतं, आणि "शाळा बुडवायचं निमित्त" हा शेराही मिळतो. त्या शेऱ्याचं मला फार वाईट वाटतं.

२. रक्ताची वाट पाहू नये. पोटदुखी, उलट्या आणि लाल जेलीसारखी शी ही त्रयी पाठ असते सगळ्यांना, पण तिन्ही एकत्र दिसणारी मुलं थोडी. मोठ्यांत तर आणखी कमी. रक्त दिसेपर्यंत आतड्याच्या अस्तराचा रक्तपुरवठा बिघडलेला असतो.

३. सोनोग्राफीत एकात एक वर्तुळं दिसली की निदान बहुतेक झालं. मात्र लहान आतड्यात, दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा शिरकाव दिसला आणि मूल बरं असलं, तर घाबरू नये. असे शिरकाव बहुधा आपोआप सुटतात. काही वेळाने पुन्हा सोनोग्राफी करावी. रिपोर्टमधला एक शब्द वाचून हातपाय गाळलेले आईवडील मी खूप पाहिले आहेत.

४. पोट दुखत असलं तरी पाय आणि ओठ पाहावेत. पायांवर, कुल्ल्यांवर जांभळट पुरळ, घोटे सुजलेले, म्हणजे हेनॉक-शॉनलाइन परप्युरा. यात आतड्याच्या भिंतीत रक्तस्राव होऊन शिरकाव होतो, तोही बहुधा लहान आतड्यातच, जिथे शिरकाव सोडवण्यासाठी गुदद्वारातून दिलेला एनिमा पोचत नाही. पुरळ कधी पोटदुखीनंतर काही दिवसांनी उठतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही पाय पाहावेत. ओठांवर काळपट ठिपके असतील तर आतड्यात पॉलिप असण्याची शंका घ्यावी.

५. लहान आतडं मोठ्यात शिरलं असेल तर आधी शिरेतून सलाइन देऊन मूल सावरायचं, मग सोनोग्राफीत पाहत गुदद्वारातून सलाइन सोडायचं. बाटली साधारण मीटरभर उंच. काही ठिकाणी पाण्याऐवजी हवा वापरतात, दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत. कोपनहेगनच्या हर्शस्प्रुंग यांनी पाण्याच्या दाबाने शिरकाव सोडवण्याची पद्धत १८७६ साली मांडली होती. पोट न उघडता मूल बरं होतं, हे आजही मला मोठं वाटतं. पण पोट कडक झालं असेल, आतडं फाटल्याची शंका असेल, तर एनिमा नाही, सरळ शस्त्रक्रिया. आणि एनिमा देतानाही सर्जन हाकेच्या अंतरावर हवा.

६. मोठ्या मुलांत आतडं सुटलं म्हणजे काम अर्धंच झालं. बाळांत बहुधा ठोस कारण सापडत नाही. वय वाढतं तसं ते सापडण्याची शक्यता वाढते: मेकेल डायव्हर्टिक्युलम (लहान आतड्याला जन्मतः असलेली छोटी पिशवी), पॉलिप, आणि पाच-सहा वर्षांपुढे ज्याचा विचार करायलाच हवा तो लिम्फोमा हा कर्करोग. वजन उतरलंय का, भूक मंदावलीय का, हे विचारावंच लागतं. सोनोग्राफीत मेकेल लपून राहतो. म्हणून एनिमा पूर्ण यशस्वी झाला नाही, किंवा शिरकाव पुन्हा झाला, तर मी दुर्बिणीतून वा पोट उघडून आत पाहण्याच्या बाजूची आहे. शस्त्रक्रियेत आतडं मागून ओढायचं नाही, पुढून हलकेच दाबत मागे सारायचं. ओढलं की फाटतं. काळवंडलेला किंवा गाठ असलेला भाग काढून टोकं जोडायची आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवायचा, कितीही निरुपद्रवी दिसला तरी.

७. गावाकडून येणाऱ्या बऱ्याच मुलांची बेंबी आधी "बसवून" झालेली असते. आजीचा हेतू मायेचाच असतो, म्हणून मी रागावत नाही; पण अशी कळ असताना पोट चोळू नका, जुलाबाचं औषध देऊ नका, काही खाऊपिऊ घालू नका, एवढं तिलाच समोर बसवून सांगते. घरी सोडतानाही तेच. एनिमाने सुटलेल्या दहातल्या साधारण एका मुलाला हे पुन्हा होतं, बरेचदा पहिल्या दोन-तीन दिवसांत. कळ परतली किंवा हिरवी उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता निघायचं, आणि जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट पिशवीत घालायचे.