कुडा : एक नांव, दोन झाडें

डहाणू व तलासरी या तालुक्यांतील टेकड्यांवर वैशाखांत पांढऱ्या फुलांचे घोस मिरविणारा कुडा आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या फुलांची भाजी होते, आणि हगवण लागली म्हणजे वडील माणसें त्याच्या सालीचा काढा देतात. संस्कृतांत यास कुटज म्हणतात. वैद्यांचें कुटजारिष्ट याच्याच सालीचें.

वनस्पतिशास्त्रांत या प्रजातीस होलॅर्‍हिना असें नांव असून तें रॉबर्ट ब्राउन यानें १८१० सालीं दिलें. तिच्या थोड्याच जाती आफ्रिका व आशिया या खंडांत आढळतात. आफ्रिकेंतील लोकही तेथील जातीची साल हगवणीवर वापरतात. सालींत कोनेसीन नांवाचें कडू द्रव्य असतें. आमांश उत्पन्न करणाऱ्या अमीबा या सूक्ष्म जंतूवर तें चालतें.

परंतु कुडा या नांवाचें झाड एकच नाहीं. वर सांगितला तो पांढरा कुडा. काळा कुडा हा राइटिया या निराळ्या प्रजातीचा. दोहोंची पानें समोरासमोर येतात, दोहोंतून पांढरा चीक निघतो आणि दोहोंच्या शेंगा जोडीनें लोंबतात. मग ओळखावें कसें? काळ्याच्या फुलाच्या तोंडाशीं झालर असते, पांढऱ्याचें तोंड मोकळें असतें. काळ्याच्या कोवळ्या शेंगांचीं टोकें एकमेकांस चिकटलेलीं असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या असतात. पांढऱ्याचें बीं तें कडू इंद्रजव, काळ्याचें तें गोड. काळ्याच्या पानांपासून निळा रंग निघतो, व चन्नपटणचीं प्रसिद्ध खेळणीं त्याच्या लाकडाचीं होतात. परंतु हगवणीच्या औषधांत तो पांढऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं. मागें युरोपांत या दोन सालींची गल्लत झाल्यामुळें चांगल्या औषधाचेंही नांव खराब झालें.

आतां दोन गोष्टी सर्वांनीं ध्यानांत ठेवाव्या. पहिली झाडाविषयीं. खोडाभोंवतीं साल पूर्ण वर्तुळाकार कधींही सोलूं नये. पानांत तयार झालेलें अन्न सालींतूनच मुळांकडे उतरतें. ती वाट तुटली कीं मुळें उपाशी राहतात व झाड वाळतें.

दुसरी गोष्ट मुलांविषयीं. जुलाबांत शरीरांतील पाणी व क्षार झपाट्यानें कमी होतात, आणि लहान मूल दगावतें तें बहुधा त्यामुळेंच. ही तूट काढ्यानें भरून येत नाहीं. म्हणून प्रथम जलसंजीवनी पाजावी. शौचावाटे रक्त पडत असेल किंवा मूल मलूल झालें असेल, तर क्षणाचाही विलंब न लावतां दवाखाना गांठावा.

विद्यार्थीमित्रहो, येत्या वैशाखांत कुडा फुलेल तेव्हां फुलाचें तोंड नीट न्याहाळा, आणि कोणता कुडा कोणता हें घरच्या वडील मंडळींस विचारून ताडून पाहा. ज्याची ओळख पटली नाहीं, तें झाड औषध म्हणून तोंडांत घालूं नये, हाच या पाठाचा सारांश.