जमीन-मोजणीच्या कचेरींतील फी, दस्तुरी आणि बक्षिसी

शेतकऱ्याच्या संसारांत दोन प्रकारचे खर्च असतात. एक वहींत लिहिलेला व दुसरा वहींत न लिहिलेला. बीं, खत, मजुरी आणि सारा हे पहिल्या प्रकारांत येतात. मोजणीच्या दिवशीं कामगाराच्या हातीं ठेवलेले रुपये, नकलेसाठीं कारकुनाच्या कागदाखालीं सरकविलेली नोट, हे दुसऱ्या प्रकारांत येतात. प्रस्तुत लेखकाचें बहुतेक आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. टेबलाच्या त्या बाजूस बसून जें पाहिलें, तें आतां या बाजूस येऊन शेतकरी बंधूंस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ नीट समजून घेतले पाहिजेत. सरकारच्या ठरावानें नेमलेली, तिजोरींत भरली जाणारी व जिची पावती मिळते ती फी. वहिवाटीनें कामगाराच्या हातांत पडणारी व जिची पावती नाहीं ती दस्तुरी. बक्षिसी दोन तऱ्हेची असते. कामगारास त्याच्या वरिष्ठांनीं पगाराबाहेर दिलेलें उत्तेजन ही एक व काम झाल्यावर पक्षकारानें 'खुशीनें' दिलेली रक्कम ही दुसरी. आपला हक्क मिळविण्यासाठीं किंवा दुसऱ्याचा बुडविण्यासाठीं जें दिलें जातें ती लाच. हे शब्द कागदावर निराळे असले तरी व्यवहारांत त्यांचे बांध फार लवकर मोडतात. ते कसे मोडतात याचीं उदाहरणें आपल्याच प्रांताच्या इतिहासांत आहेत.

१. लाचेची फी कशी होते

पेशवाई संपल्यावर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाच्या स्थितीविषयीं सविस्तर अहवाल लिहिला. त्यांत मामलेदारांच्या हिशेबांतील 'दरबारखर्च' या सदराची हकीकत आहे. यासच 'अंतस्थ' असेंही म्हणत. आरंभीं ही रक्कम हुजुरांतील कारभाऱ्यांस व हिशेब तपासणारांस गुप्तपणें दिली जाई. पुढें ती इतकी रूढ झाली कीं, हिशेबांत उघड लिहिली जाऊं लागली व तपासलीही जाऊं लागली. परंतु जी रक्कम उघड झाली तिनें गुप्त काम होईना. तेव्हां गुप्त कामासाठीं रयतेवर आणखी पट्टी बसली. अशा नाजूक बाबींत तपासणार फार खोल जात नसल्यामुळें मामलेदार वर द्यावयाचें त्याहून पुष्कळ अधिक वसूल करून स्वतःकडेही ठेवीत.

या हकीकतींतील मर्म ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लाच मुरली म्हणजे ती फी होते आणि ती फी झाली म्हणजे तिच्यावर दुसरी लाच उगवते. काळ्या रानांतील कुंदा वरवर कापला तर रान चार दिवस स्वच्छ दिसतें, पण मूळ तसेंच राहतें. 'पांच-पन्नास रुपयांनीं काय होतें' असें म्हणून जो देतो, तो पुढच्या अर्जदारासाठीं दर ठरवीत असतो.

२. एका आण्याची किंमत

इंग्रजी अमलांत दख्खनची पहिली मोठी मोजणी रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनीं १८३० च्या आगेमागे केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें उत्पन्न काढावें, त्यांतून लागवडीचा खर्च वजा करावा आणि निव्वळ उरेल त्याचा शेंकडा ५५ भाग सरकारनें घ्यावा, असें तिचें धोरण होतें. हें कागदावर शास्त्रशुद्ध दिसलें. पण सर्व आंकडे खालच्या कामगारांच्या हातून यावयाचे होते आणि त्या हातांवर देखरेख पुरेशी नव्हती. अंदाज भरमसाट झाले, प्रती खोट्या लागल्या, रयतेकडून सारा उगवेना, शेतें पडीत पडलीं आणि शेवटीं ती आकारणी सोडून द्यावी लागली.

प्रतबंदींत लाचेस एवढा वाव कां असतो, तें एका हिशेबानें पाहूं. पुढें रूढ झालेल्या पद्धतींत उत्तम जमीन सोळा आण्यांची धरीत व हलक्या जमिनीस त्या मानानें कमी आणे लावीत. समजा, एका शेतकऱ्याची वीस एकर जमीन खऱ्या अर्थानें दहा आण्यांची आहे व सोळा आणे जमिनीस दर एकरीं एक रुपया आहे. त्याचा सारा १२ रुपये ८ आणे झाला पाहिजे. कामगारानें दहाऐवजीं बारा आणे लिहिले तर सारा १५ रुपये होतो. वर्षास अडीच रुपये जास्त आणि मुदत तीस वर्षांची, म्हणजे एकंदर ७५ रुपये. कामगारानें पांच रुपये मागितले तर शेतकऱ्यास तो सौदा स्वस्त वाटणारच.

परंतु हिशेब येथेंच संपत नाहीं. दर बसवितांना गांवांच्या एका गटाची एकंदर आकारणी किती असावी याचा विचार होई व त्या बेतानें दर ठरे. अशा स्थितींत एकानें पैसे देऊन आपले आणे उतरविले, तर तो भार पैसे न देणाऱ्या शेजाऱ्याच्या रानावर सरकण्याचा संभव असे. म्हणून मोजणींतील लाच ही केवळ सरकारची फसवणूक नव्हे, ती शेजाऱ्याची चोरी आहे.

मापाचीही तीच गोष्ट. मोजणीची साखळी ३३ फुटांची व तिचे सोळा आणे. साखळीभर लांब व साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. दहा साखळ्या लांबीच्या बांधावर रुंदींत एकच आणा, म्हणजे सुमारें दोन फूट, सरकला तरी दहा आणे गुंठा जमीन इकडची तिकडे जाते. तेवढ्यासाठीं भावाभावांत किती पिढ्या कोर्ट चालतें, हें वाचकांस सांगावयास नको.

३. इंदापूरचा धडा

१८३५ सालीं गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत नव्यानें काम हातीं घेतलें व १८३६ पासून नवे दर लागू झाले. पुढें १८४७ सालीं गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालानें हे नियम कायम झाले. या पद्धतीचे सर्वच गुण गाण्याचें कारण नाहीं. तथापि कामगाराच्या हातास आळा घालण्याच्या दृष्टीनें तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, मताऐवजीं माप. जमीन खणून मातीची खोली पाहावयाची, रंग व दोष ठरलेल्या खुणांनीं नोंदावयाचे आणि कोष्टकावरून आणे लावावयाचे. जेथें मत कमी तेथें सौद्यास जागा कमी.

दुसरी, फेरतपासणी. खालच्या कामगारानें केलेल्या कामापैकीं कांहीं भाग वरिष्ठानें स्वतः शेतांत जाऊन पुन्हा पाहावयाचा. कोणतें शेत तपासलें जाईल हें ठाऊक नसलें म्हणजे सर्वच शेतांत हात जपून चालतो.

तिसरी व माझ्या मतें सर्वांत मोठी, गांठीचे प्रसंग कमी करणें. सारा तीस वर्षांसाठीं ठरला म्हणजे दरसाल पीक पाहून सारा ठरविणाऱ्याची मनधरणी उरत नाहीं. जितके प्रसंग तितकी दस्तुरी, हा कचेरीचा जुना नियम आहे.

यानें लांचलुचपत नाहींशी झाली असें नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत सरकारी कामगार अडाणी शेतकऱ्यास कसे नागवितात याचें विदारक वर्णन आहेच. १८८८ सालीं तर मध्य भागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावरच मामलेदारांकडून नेमणुकी व बदल्यांसाठीं पैसे घेतल्याचे आरोप येऊन चौकशी बसली. कमिशननें त्यांस लांचेच्या आरोपांतून सोडलें, परंतु हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल त्यांची नोकरी गेली. त्या चौकशींत कित्येक मामलेदारांनीं आपण पैसे दिल्याचें कबूल केलें. जो मामलेदार जागेसाठीं पैसे मोजतो, तो ते कोठून भरून काढणार? सत्तर वर्षांपूर्वींचा दरबारखर्च नवें नांव घेऊन परत आला होता.

४. उत्तेजनाविषयीं दोन शब्द

कामगारास बक्षीस देऊंच नये असें माझें म्हणणें नाहीं. पण तें कशाबद्दल द्यावयाचें हें पाहिलें पाहिजे. मी ज्या एका कचेरींत होतों तेथें महिनाअखेर किती प्रकरणें निकालांत निघालीं एवढेंच मोजीत. शाबासकी त्यावर, कानउघाडणीही त्यावर. मग शेवटच्या आठवड्यांत दिवेलागणीपर्यंत मोजण्या उरकल्या जात. अशा एका सायंकाळच्या मोजणींत बांधाची खूण चुकली आणि दोन घरें चार वर्षें अपिलांत खपलीं. संख्येवर बक्षीस ठेवलें कीं साखळी धांवते. तपासणींत चूक न निघण्यावर ठेवलें कीं ती सरळ राहते.

आतां एक गोष्ट स्वतःची. नोकरीच्या पहिल्या वर्षीं एक वृद्ध शेतकरी टिपणाची नक्कल घेण्यास आले. नकलेची फी त्यांनीं रीतसर भरली होती. तरीही त्यांनीं वीस रुपये माझ्यापुढें ठेवले व इतर ठेवतात तसे मीं ते ठेवून घेतले. संध्याकाळीं ते मला गांवाच्या रस्त्यानें पायीं जातांना दिसले. 'बाबा, गाडी चुकली काय?' असें विचारलें. ते म्हणाले, 'गाडी आहे, भाडें कचेरींत राहिलें.' ते पैसे मीं परत केले असें येथें लिहितां आलें असतें तर बरें झालें असतें. मीं ते परत केले नाहींत. पुढें कोणाचे घेतले नाहींत, एवढेंच सांगतां येतें.

५. शेतकऱ्यानें पाळावयाचे नियम

(१) मोजणीची फी क्षेत्र व निकड पाहून ठरते. अर्जापूर्वीं दर विचारून घ्यावा, रक्कम चलनानेंच भरावी व पावती दप्तरांत जपावी.

(२) मोजणीची नोटीस आली म्हणजे स्वतः हजर राहावें. साखळी जाऊन आतां उपग्रहाच्या साहाय्यानें मोजणारीं यंत्रें आलीं आहेत. परंतु वहिवाटीची हद्द व जुना दगड दाखविणारा माणूसच असतो. तो माणूस आपण असावें.

(३) कामगारास पाणी, चहा द्यावा. तो आपला पाहुणचार आहे. गाडी, जेवणावळ व पाकीट हा पाहुणचार नव्हे.

(४) मोजणी झाल्यावर नकाशाची 'क' प्रत मागून घ्यावी व शेतांतील खुणांशीं ताडून पाहावी.

(५) महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याअन्वयें अधिसूचित सेवांस मुदत ठरलेली आहे. मुदत टळली तर अपील करतां येतें. अपिलाचा एक कागद दहा हेलपाट्यांहून स्वस्त पडतो.

(६) भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनें लांच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्यास देणें भाग पाडलें त्यानें सात दिवसांच्या आंत कळविल्यास त्यास संरक्षण आहे. मागणी होतांच, पैसे देण्यापूर्वींच, लाचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ या क्रमांकावर कळविणें सर्वांत श्रेयस्कर.

शेवटीं एक सोपी कसोटी सांगतों. कचेरींत दिलेला प्रत्येक पैसा त्याच रात्रीं घरच्या वहींत लिहावा. कोणास दिला, कशासाठीं दिला, पावती आहे किंवा नाहीं, हें मुलांस वाचतां येईल असें लिहावें. जी रक्कम लिहितांना हात अडखळेल, ती उद्यां द्यावयाची नाहीं असें समजावें.